मियाटाचा एक डोळा उघडत नाही तेव्हा

संध्याकाळी गाडी बाहेर काढली, दिव्यांची कळ फिरवली आणि समोरच्या दुकानाच्या काचेत पाहिलं, तर उजवा दिवा उठलेला आणि डावा गाढ झोपलेला. पॉप-अप हेडलाइटची, म्हणजे दिवे नाकात लपून लागेल तेव्हा वर येणारी, गाडी बाळगणाऱ्यावर ही वेळ एकदा तरी येतेच. माझ्या १९९२ च्या माझदा मियाटाने ती माझ्यावर तीनदा आणली. पहिल्या वेळी घाबरून मी थेट नवी मोटर मागवली. दीड दिवस खपून ती बसवली, तरी दिवा ढिम्म. दोष निघाला अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वायरीच्या, बॉडीवर कसलेल्या एका बोल्टात. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ खाऊन बोल्टाखालचा पत्रा पार फुगला होता. तारेच्या ब्रशने तो घासला आणि जुनीच मोटर परत लावली, तर ती लगेच चालू लागली. नवी मोटर अजून फडताळात पडून आहे.

तेव्हा खिशात हात घालण्याआधी दिव्याचं वागणं बघा. कुठल्या बाजूचा, किती उठतो, आवाज करतो की गप्प राहतो, एवढ्यावरून निम्मा दोष हाती लागतो. पुढचं सगळं १९८९ ते १९९७ मधल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला धरून आहे. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली जायची. इतर गाड्यांत काय वेगळं, ते शेवटाकडे थोडक्यात येईल.

यंत्रणा नेमकी कशी चालते

गाडीचं नाक खाली आणि वाऱ्याला धार्जिणं हवं, पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हेडलाइट रस्त्यापासून किमान २२ इंच उंच हवा. शिवाय १९८३ पर्यंत तिथे ठरावीक मापाचे सीलबंद गोल किंवा चौकोनी दिवेच चालत. यावर तोडगा म्हणून दिवा लपवायचा आणि लागेल तेव्हा वर काढायचा. कल्पना जुनीच. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये चालक डॅशबोर्डवरचं हँडल हाताने फिरवून दिवे बाहेर काढायचा. मियाटात हे काम प्रत्येक दिव्यामागची स्वतंत्र मोटर करते.

ही मोटर एकाच दिशेने फिरते, हे डोक्यात पक्कं बसवा. वर जायला उजवीकडे आणि खाली यायला डावीकडे, असा प्रकार नाही. मोटरच्या दांड्यावर एक छोटा क्रँक, म्हणजे दांड्याबरोबर फिरणारा हात, आहे आणि त्याला जोडलेली लिंक (जोडपट्टी) दिव्याच्या चौकटीला ढकलते. क्रँकचा अर्धा फेरा झाला की दिवा वर येतो, उरलेला अर्धा झाला की खाली जातो. आता मोटरला थांबायचं कुठे हे कळतं कसं? गिअरच्या पोटात तांब्याच्या पट्ट्या असलेली चकती आहे आणि तिच्यावर पितळी जिभा घासत फिरतात. दिवा पूर्ण वर आला की जिभेखालची पट्टी संपते आणि करंट तुटतो. वायपर बंद केला तरी तो काचेच्या मधोमध न थांबता खाली जाऊन झोपतो ना, तीच युक्ती इथे आहे. पॉप-अप दिव्यांचे बरेचसे चमत्कारिक आजार या चकतीच्या मळात असतात.

हात घालण्याआधी

पहिली गोष्ट बोटांची. दिव्याचं झाकण मिटताना त्यात चांगला जोर असतो आणि चकतीवर जीभ टेकली की मोटर सूचना न देता फिरते. म्हणून बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या बाजूच्या फ्यूज बॉक्समधला रिट्रॅक्टरचा (दिवे उचलणाऱ्या मोटरींचा) फ्यूज आधी काढून खिशात टाका. कुठला ते बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. मोठं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायरही सोडा. नवखा माणूस बॉनेटखाली बॅटरी शोधत बसतो. मियाटात ती डिकीत उजव्या बाजूला आहे.

साहित्य फार लागत नाही: १० आणि १२ मिलिमीटरचे सॉकेट, फुली स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पांढरं लिथियम ग्रीस आणि खुणा करायला पेंटचा मार्कर. मार्कर विसरू नका. तो का लागतो, ते मोटर काढताना कळेल.

रस्त्यात अडकलात तर

रात्री घरापासून लांब असताना दिवा उठेना, तर दुरुस्ती तिथे करू नका. दिव्यांची कळ बंद करा आणि रिट्रॅक्टरचा फ्यूज काढा. हेडलाइटच्या मागे मोटरवर रबरी टोपी दिसेल. तिच्याखाली हाताने फिरवायचा गोल खटका आहे. बाणाच्या दिशेने तो फिरवत राहा. गिअरचं गुणोत्तर मोठं असल्याने खूप फेरे लागतात, त्यामुळे दोन-चार फेऱ्यांत काहीच हललं नाही म्हणून निराश होऊ नका. दिवा पूर्ण वर आला की थांबा, फ्यूज बाहेरच ठेवा आणि घर गाठा. दिवा पेटवणारं सर्किट वेगळं असल्यामुळे उजेड पडायला अडचण येत नाही.

खटका मधेच घट्ट लागला तर जबरदस्ती करू नका. काहीतरी यांत्रिक अडलंय, असा त्याचा अर्थ.

एक की दोन्ही?

दोष शोधताना पहिला प्रश्न हाच. दोन्ही दिवे रुसले असतील, तर कारण दोघांना सामाईक असलेल्या गोष्टीत असतं: बॅटरी, फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), डॅशबोर्डवरचं बटण, स्टिअरिंगजवळची कळ. दोन मोटरी एकाच संध्याकाळी मरत नाहीत. एकच दिवा रुसला असेल, तर सामाईक गोष्टींना हातही लावू नका. त्या बाजूचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थ, मोटर, लिंक आणि बिजागरी एवढंच बघायचं. आणि चांगली चालणारी दुसरी बाजू ही तुमच्याकडची सगळ्यात उत्तम मार्गदर्शिका आहे. आवाज कसा हवा, वेग किती हवा, लिंक कुठल्या कोनात हवी, हे तिच्याकडे बघूनच कळतं.

दोन्ही दिवे गप्प असतील तर आधी बॅटरी मोजा. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर ती चार्ज करा आणि मगच पुढे जा. नुसती बॅटरी मान टाकत असली, तरी दिवे अर्ध्यावर अडखळतात. मग फ्यूज बघा. नजरेला धड दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असू शकतो, म्हणून मल्टिमीटरने तपासा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. उडतोय म्हणून मोठा घालू नका. मोठा घातला की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

यानंतर एक सोपी चाचणी आहे. मियाटात दिवे उठवायचे दोन रस्ते आहेत. एक स्टिअरिंगजवळची दिव्यांची कळ आणि दुसरा डॅशबोर्डच्या मधोमध, हॅझर्डच्या शेजारचं बटण. हे बटण दिवे न पेटवता नुसतं उठवतं. कळीने उठतात पण बटणाने नाही, तर दोष बटणात. बटणाने उठतात पण कळीने नाही, तर दोष कळीत किंवा तिच्या वायरीत. दोन्हीने काहीच होत नसेल, तर रिलेकडे वळा. शेजारी कुणाला तरी बटण दाबायला बसवा आणि तुम्ही रिलेवर बोट ठेवा. टक् झाल्याचं बोटाला जाणवलं, तर रिलेची गुंडाळी जिवंत आहे. पण त्याचे आतले संपर्क जळलेले असू शकतात, त्यामुळे टक् ऐकून रिलेला सोडून देऊ नका. पुढे करंट जातोय का, ते टेस्ट लॅम्पने बघा.

एकच बाजू रुसली असेल तर

इथे बहुतेक वेळ जातो, म्हणून सावकाश घेऊ.

सगळ्यात आधी कान लावा. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, तर वीज ठीक आहे. लिंक निसटली आहे, क्रँकचा नट ढिला झालाय किंवा आतला गिअर झिजलाय. आवाजच नसेल, तर वीज पोचत नाही किंवा मोटरच्या आत संपर्क होत नाही. घरघर येते, दिवा थोडा उचलतो आणि थांबतो, तर यंत्रणा जड झालीय किंवा करंट कमी पडतोय.

आवाज नसेल तर एक गावठी पण उपयोगी उपाय करा. दुसऱ्या माणसाने बटण दाबून ठेवावं आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या कवचावर हलके टकटक करा. मोटर दचकून जागी झाली, तर चकतीचा किंवा मोटरला आत वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशचा संपर्क सुटतोय. मोटर उघडून साफ करायची वेळ आलीय. टकटक केल्यावर दोन महिने गाडी चालते, म्हणून लोक तेवढ्यावरच थांबतात. मग नेमकी पावसाच्या रात्री ती अडते.

टकटक करूनही काही झालं नाही तर कपलर सोडा. आतल्या पिना हिरव्या किंवा पांढऱ्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि कपलर चार-पाच वेळा लावून-काढून घ्या. त्या घर्षणानेच अर्धा गंज निघतो. आता आपल्या वर्षाच्या गाडीची सर्किट आकृती समोर ठेवा आणि टेस्ट लॅम्पने बघा, की बटण एका स्थितीत असताना एका वायरीवर आणि दुसऱ्या स्थितीत दुसऱ्या वायरीवर करंट येतो का.

मल्टिमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असं काहींना वाटतं. कारण मीटर फसवतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली, तरी मीटर निवांत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. टेस्ट लॅम्प ओढतो. लॅम्प झगझगीत पेटला तर वायर खरी, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी गंज.

आता अर्थ. माझदाच्या वायरिंगमध्ये अर्थची वायर काळी असते. कपलर लावलेला ठेवा, मीटरची काळी पिन इंजिनच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला लावा, लाल पिन मोटरच्या काळ्या वायरीत मागून खुपसा आणि बटण दाबा. मोटर चालत असताना इथे ०.२ व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर अर्थ खराब. आणि मोटर बंद, पण इथे जवळजवळ १२ व्होल्ट दिसले, तर अर्थ पूर्ण तुटलाय: करंट मोटरपर्यंत येतोय, पुढे जायला त्याला वाट नाही. ही दोन मिनिटांची चाचणी मी पहिल्या वेळी केली असती, तर फडताळातली ती मोटर दुकानातच राहिली असती. अर्थचा बोल्ट काढा, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा.

वीज आणि अर्थ दोन्ही ठीक असतील तर फ्यूज पुन्हा काढा आणि क्रँकपासून लिंक सोडा. आता मोटर हाताच्या खटक्याने फिरवा आणि दिव्याची चौकट हाताने वर-खाली करून बघा. दोघं वेगळी झाली की गुन्हेगार कोण ते आपोआप कळतं. चौकट जड असेल तर बिजागरी सुकली किंवा गंजली आहे. खटका जड असेल तर दोष मोटरच्या गिअरमध्ये.

मोटर उघडताना

मोटर काढण्याआधी मार्करने क्रँक आणि दांडा यांच्यावर एक सरळ रेघ मारा. क्रँक दुसऱ्या कोनात बसला, तर चकतीचं थांबणं आणि दिव्याचं थांबणं जुळत नाही. दिवा अर्धवट डोळा मिटून थांबतो किंवा झाकण बंपरवर दाबून बसतं. रेघ मारायची विसरून दोन तास घालवणारा मी एकटाच नसेन.

मोटर बाकावर घेतली की गिअरच्या बाजूचं झाकण स्क्रू काढून हळूच उघडा. गॅस्केट किंवा सीलंट फाटलं तर हरकत नाही, पण बसवताना नवं लावा. नाहीतर पाणी आत जाऊन सगळी मेहनत वाया. आत तीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं पिवळं आणि घट्ट झालेलं दिसेल. तांब्याच्या पट्ट्यांवर काळी पुटं चढलेली असतील. जुनं ग्रीस कापडाने पुसून काढा, पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि काळेपणा राहिलाच तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. खरखरीत कागद नको. तांबं पातळ असतं आणि एकदा उडालं की परत येत नाही. पितळी जिभा सपाट पडल्या असतील तर चिमट्याने किंचित वर उचला, म्हणजे चकतीवर पुन्हा दाब येईल. दात झिजलेत का, गिअरला तडा गेलाय का, तेही बघून घ्या. नवं ग्रीस दातांना लावा. पट्ट्यांवर थापू नका. दिवा मधेच थांबतो तो मळामुळे, आणि दिवा थांबतच नाही, सारखा वर-खाली करत राहतो, तोही बरेचदा मळामुळेच. फरक इतकाच, की पहिल्यात मळ वीज अडवतो आणि दुसऱ्यात काजळी मिसळलेलं ग्रीस पट्टीची तुटलेली जागा जोडून टाकतं. दोन्ही दिवे असे नाचत असतील तर मात्र मोटर उघडू नका, आधी रिले बघा.

गाडीत बसवण्यापूर्वी बाकावरच बॅटरीने चाचणी घ्या, मधे १५ अँपिअरचा फ्यूज लावून. एका वायरीला वीज दिल्यावर मोटर अर्धा फेरा करून स्वतःहून थांबली पाहिजे, दुसऱ्या वायरीला दिल्यावर उरलेला अर्धा. लागोपाठ वीस वेळा असं झालं तर निर्धास्त बसवा.

दिवा थरथरतो, तो वेगळा आजार

पुष्कळांची तक्रार दिवा उठत नाही ही नसते. उठतो, पण ताशी साठ मैलांच्या पुढे नाचतो आणि समोरच्याला वाटतं आपण त्याला डिपर देतोय. यात विजेचा काही संबंध नाही. लिंकच्या टोकांना जे प्लास्टिकचे बुश (छोट्या नळकांड्या) आहेत, ते उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन फुटतात. दिवा वर असताना हाताने धरून हलवा. खडखड वाजला तर बुश गेले. जागी पितळेचे किंवा डेलरिन या कडक प्लास्टिकचे बुश घालता येतात. काम अर्ध्या तासाचं, खर्च किरकोळ, आणि गाडी दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटते. बुश बदलूनही थोडी थरथर राहिली, तर चौकट ज्या रबरी स्टॉपरवर टेकते तो बघा. त्याची उंची कमी-जास्त करता येते. दिवा वर आल्यावर चौकट त्यावर घट्ट बसली पाहिजे.

आणखी एक. मियाटाचा दिवा सात इंची गोल असतो, म्हणजे आपल्याकडे अॅम्बॅसडरला आणि बुलेटला असायचा त्याच मापाचा. त्यामुळे बाजारात त्या जागी बसणारे हौशी एलईडी दिवे ढिगाने मिळतात. त्यातले काही मूळ दिव्यापेक्षा चांगलेच जड असतात, आणि म्हातारी मोटर व झिजलेले बुश तो भार दरवेळी उचलतात. दिवे बदलायचेच असतील तर आधी जुना आणि नवा दोन्ही तळहातावर तोलून बघा.

थंडीच्या देशातल्यांसाठी: बर्फ पडून गोठायची रात्र असेल तर दिवे वर करून ठेवा. सकाळी झाकण बर्फाने चिकटलेलं असताना बटण दाबलं की सगळा ताण गिअरवर येतो. चिकटलंच तर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

दुसऱ्या गाड्या असतील तर

१९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये दिवे इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, उठतात. तिथे मल्टिमीटर बाजूला ठेवून रबरी नळ्या, त्या जोराने हलणारे रबरी पडदे आणि व्हॅक्यूमची टाकी तपासायची. गाडी उभी असताना दिवे काही तासांत आपोआप हलले, तर कुठेतरी गळती आहे. जनरल मोटर्सच्या ऐंशीच्या दशकातल्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांत नायलॉनचा गिअर आणि त्यातले प्लास्टिकचे बुश यांचा भुगा होतो. मोटर गुणगुणत राहते, दिवा हलत नाही. पोर्श ९४४ मध्ये एकच मोटर आडव्या दांड्याने दोन्ही दिवे उचलते, म्हणून ‘दोन्ही रुसले तर मोटर निर्दोष’ हा वरचा हिशेब तिथे लागू नाही.

शेवटची जुळवणी

सगळं बसवल्यावर फ्यूज घाला, हात लांब ठेवा आणि दिवे दहा वेळा वर-खाली करा. दोन्ही एकाच वेळी निघून एकाच वेळी पोचले पाहिजेत. डोळ्याला दिसण्याइतका एखादा मागे राहत असेल, तर त्या बाजूची बिजागरी किंवा अर्थ पुन्हा बघा. मिटल्यावर झाकणाची फट चारही बाजूंनी सारखी हवी. नसेल तर झाकणाचे बोल्ट ढिले करून सरकवा. या वेळी पत्र्यावर मास्किंग टेप लावा, नाहीतर रंगाचे टवके जातात.

मग रात्री सपाट जागी गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. टाकीत निम्मं पेट्रोल आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाचं कुणीतरी हवं. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्यावर आडवी टेप लावा. लो बीमचा सर्वात तेजस्वी भाग त्या रेघेच्या जरा खाली पडला पाहिजे. दिव्याच्या कडेचे दोन स्क्रू फिरवून तो आणा, एक वर-खाली करतो, दुसरा डावीकडे-उजवीकडे. घाईत दिवा घट्ट धरणाऱ्या रिंगचे स्क्रू फिरवू नका, ते वेगळे असतात. माझ्या गॅरेजच्या भिंतीवरची टेप मी काढलेलीच नाही. दर हिवाळ्यानंतर मीठ धुऊन झालं की गाडी तिच्यासमोर उभी करतो आणि त्याच वेळी अर्थचा तो बोल्टही काढून बघतो.